हाकेच्या अंतरावर घरटं

६ मार्च

आले!

सकाळी पाण्याला गेले होते. झऱ्यापाशी बादली टेकवली, मान वर केली, तर पाणथळीत काहीतरी राखाडी. आधी वाटलं, वाऱ्यानं कुणाची तरी चादर उडून लव्हाळ्यावर पडली. आणि मग चादरीनं मान वर काढली! एक नाही, दोन. बादलीवरचा हात सुटला, ती गडगडत खाली. तिच्याकडे बघितलंही नाही.

धावत घरी. मामंजी खाटेवर बसून मोजे चढवत होते. "करकोचे," एवढंच तोंडातून निघालं. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, तसेच उठले आणि निघाले. काठीसुद्धा नाही! गुडघे दुखतात म्हणून बसल्या जागी चहा मागणारा माणूस — माझ्या पुढं पळतोय!

लाकडांच्या ढिगाशी थांबले. पाहत राहिले. मग हळूच ओल्या गवतात खाली बसले. मी म्हटलं, "मामंजी, विजार भिजली." तर म्हणाले, "भिजू दे." गालावरून पाणी ओघळत होतं, तेही पुसलं नाही.

अगदी लहान असताना त्यांनी शेवटचे पाहिले होते. मग बाहेरच्या लोकांनी चर खणून पाणथळ आटवली, लाकडाचे ट्रक आले, बंदुका आल्या. पक्षी गेले. ह्यांच्या लोकांनी भांडून-भांडून दरी परत मिळवली — मामंजींनी तर सगळी तरुणपणाची वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात घालवली — चर बुजवले, पाणी अडवलं, राखणीचे नियम स्वतःच केले, स्वतःच पाळले. हरणं आली. पाणमांजरं आली. करकोचे मात्र नाहीत. ह्यांच्या जुन्या बोलीत करकोच्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ म्हणे 'पाहुणी'. घरातली सगळी माणसं त्या पाहुणीविषयी बोलायची आणि मी मनात म्हणायचे, कसली पाहुणी नि कसलं काय, सगळ्या गोष्टीतल्या गोष्टी.

संध्याकाळी हे परतले. राखणदारांचे प्रमुख, एरवी चेहरा कसा दगडाचा. आज दारातूनच, "कुठं? कुठं आहेत?" — हातात टोपी चुरगाळत, शाळकरी पोरासारखे.

७ मार्च

अजून आहेत.

८ मार्च

अजून आहेत! मी बादली शोधून आणली. पोचा आलाय.

१२ मार्च

नाचले!

खिडकीशी भांडी घासत होते. एकानं पंख पसरले, उडी मारली, गवताची काडी चोचीत धरून वर भिरकावली. दुसरी वाकली, वाकूनच गोल फिरली. मग दोघांनी माना वर करून एकदम हाक दिली. सगळी दरी त्या आवाजानं भरली. माझ्या हातातलं पातेलं तसंच साबणात.

दुपारी मामंजी अंगणात मला तो नाच करून दाखवत होते. काठी टाकली, हात पसरले, एक पाय वर — "आम्ही पोरं अशीच नाचायचो!" — आणि गेला तोल. मी धरलं म्हणून बरं. दोघंही हसत सुटलो. साहेब, म्हणजे नावाप्रमाणं दिवसभर बसून राहणारा आमचा कुत्रा, आज पहिल्यांदा उठला आणि आमच्यावर भुंकला.

सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, सासरा-सून दोघंही कामातून गेली.

१९ मार्च

घरटं करताहेत. पाणथळीच्या अलीकडच्या काठाला, आमच्या लाकडांच्या ढिगाच्या खालच्या अंगालाच. स्वैपाकघराच्या खिडकीतून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. दोघं मिळून लव्हाळी उपटतात आणि ढीग रचतात. भांडतात पण, असं वाटलं मला. एकानं ठेवलेलं दुसरी उचलून इकडं ठेवते. संसार म्हटला की आलंच.

मी आनंदानं सांगितलं ह्यांना. ह्यांचा घास हातातच राहिला.

"अलीकडच्या काठाला? नक्की?"

"मला काय डोळे नाहीत?"

हे मामंजींकडे बघायला लागले, मामंजी ताटाकडं. मग मला आठवलं. नियम.

दरी परत मिळाली त्या वर्षी बैठकीत केलेला: करकोचे परत आले, तर जिथं घरटं घालतील तिथून हाकेच्या अंतरावर माणसानं राहायचं नाही. तेव्हा सगळ्यांनी चटकन हो म्हटलं होतं. कधी येतील असं कुणाला वाटत होतं! आणि बाकीची घरं नंतर शाळेसाठी, रस्त्यासाठी खाली उतरलीच. राहिलं आमचं एक. राखणीचं घर म्हणून.

नियम मांडला होता कुणी? मामंजींनी.

कुणीच जेवलं नाही नीट.

२० मार्च

खरं सांगायचं तर — इथं खरं नाही सांगायचं तर कुठं! — मला आतून बरंच वाटलं. नळ!

बावीस वर्षं ह्या घरात पाणी वाहतेय. पावसाळ्यात जळवा, हिवाळ्यात बादलीवर बर्फाचा पापुद्रा. छप्पर एकीकडनं शाकारावं तर दुसरीकडनं गळतं. मी मूळची खालच्या बाजारातली, शिंप्याची मुलगी. घरासमोर दिवा होता, रस्ता होता, रात्री नऊपर्यंत माणसांचा आवाज होता. लग्न होऊन वर आले तेव्हा पहिले कित्येक दिवस कान दुखायचे शांततेनं. तेव्हापासून कुरकुर करतेय, हे सगळ्या दरीला ठाऊक आहे. लेक शिकायला बाहेर गेली तेव्हा जाताना म्हणाली, "आई, आता घरी तुझी कुरकुर ऐकायला माणसं कमी झाली गं."

बैठक आम्हाला खाली घर देणार. गिरणीमागं, नवं, पक्कं. घरात नळ.

मग चेहरा पाडून का बसले होते दिवसभर? ह्या दोघांसाठी. ह्यांचा जन्म ह्याच खोलीतला. मामंजींचाही.

२५ मार्च

बैठक पुढच्या महिन्यात. सुईण आजी स्वतः वर आली सांगायला. एवढ्या वयात चढ चढून! अर्ध्या दरीला तिनंच जगात आणलंय, त्यामुळं बैठकीत तिच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही. ती मधोमध बसून एकेकाला विचारते आणि प्रत्येकानं हो किंवा नाही म्हणायचं. एक जरी नाही आला तरी ठराव नाही. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या सुनांनाही विचारतात, पण आम्ही हो म्हणून मोकळ्या होतो. मी तर कधी नाही म्हटलेलं मलाच आठवत नाही.

आजीनं मामंजींना विचारलं, "मग, दादा? काय ठरलंय तुझं?"

"अजून काही ठरलं नाही."

"नियम तुझा आहे हो."

"ठाऊक आहे मला माझा नियम."

चहा पिऊन उठताना आजीनं मला बाजूला घेतलं. "तो अडून बसला तर सगळंच अडेल. तुझं ऐकतो तो. बघ जरा."

रात्री ह्यांनीही तेच म्हटलं. माझ्यावरच आलं सगळं!

२८ मार्च

मामंजींचे केस कापले. त्या वेळी ते जागचे हलू शकत नाहीत, म्हणून मुद्दाम विषय काढला.

"खालचं घर छान आहे म्हणतात. नळ आहे. डॉक्टर जवळ."

"हं."

"तुमच्या गुडघ्यांना बरं. चढ नाही, उतार नाही."

"तुला आवडेल तिथं?"

"माझं काय! मी खालचीच. सुटल्यासारखं होईल मला."

"असं?"

"असं म्हणजे? इतकी वर्षं माझी कुरकुर ऐकता ना?"

"ऐकतो की. रोज ऐकतो."

"मग तुमचं बोला. बैठकीत काय सांगणार?"

"कान कापू नकोस, म्हणजे झालं."

झालं! पुढं अक्षर नाही. असा हट्टी म्हातारा जगात दुसरा नसेल. मानेवरचे केस झटकताना मात्र वाटलं, मान किती बारीक झालीय ह्यांची.

२ एप्रिल

पक्षीवाल्या बाई आल्या. शहरातल्या, पण बैठकीनंच बोलावलेल्या. वयानं माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. खिडकीशी दुर्बीण लावून बसल्या आणि तासाभरानं मला हळूच ओढलं — "बघा." मादी उठली होती. खाली दोन अंडी, मातकट, ठिपक्यांची. मग ती इतक्या सांभाळून बसली, आधी एक पाय मुडपून, मग दुसरा, की मला माझी बाळंतपणाची खाट आठवली.

मी विचारलं, "आम्ही इथं राहिलो तर टाकून जातील?"

"सांगता येत नाही. काही जातात, काही सवय करून घेतात. खोटं कशाला सांगू, मला माहीत नाही."

आवडल्या मला बाई.

साहेबाला घरातच बांधून ठेवायचं. चूल पहाटेच पेटवायची, तीही थोडी. अंगणात धुणं नाही. मोठ्यानं बोलणं नाही.

५ एप्रिल

कुजबुजत संसार चाललाय. आज कुजबुजत भांडलो! हे दात-ओठ खात म्हणतात, "बाबांशी बोललीस का?" मी तशाच आवाजात, "बोलले की. तुम्ही का नाही बोलत? तुमचे वडील ना?" मग हे जोरात काहीतरी म्हणणार, तेवढ्यात मी खिडकीकडं बोट दाखवलं. हे तोंड उघडं ठेवून तसेच. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून हसले. हेही हसले, खूप दिवसांनी.

मग खाली माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं घर असतं ना, एव्हाना हलवलं असतं मी. राखणदार म्हणून माझं कामच ते. आपलं आहे म्हणून रोज उद्यावर ढकलतोय. हाताखालची राखणदार पोरं बघताहेत माझ्याकडं. काल एक जण म्हणालासुद्धा, मोठ्यांच्या घरी करकोचा आला की नियम आजारी पडतो."

त्यांचा हात घेतला. तळव्यावर कुऱ्हाडीचे जुने घट्टे. ह्याच हातांनी ते चर बुजवले.

९ एप्रिल

खालचं घर बघून आले.

छान आहे. भिंती सरळ. गिरणीवाल्यानं हौसेनं दाखवलं सगळं, जणू त्याचंच. "वहिनी, नळ सोडून बघा!" सोडला. पाणी आलं. किती जोरात आलं! हाताला लागलं तर कोमट. बघत राहिले आणि बंद करायचं विसरले. शेवटी त्यानंच बंद केला.

रंगाचा वास होता. खिडकीतून गिरणीची मागची भिंत दिसते.

तिथंच राहून बाजार करायचा होता. नाही केला. लवकर निघाले. चढावर मधल्या दगडाशी बसले आणि एकदम रडू आलं. पायात नवीन बूट होते, घोटा चावत होता. त्यामुळंच.

११ एप्रिल

आज चहा पिता पिता मामंजी म्हणाले, "बांध सामान. मी हो म्हणतो."

मी बघतच राहिले. "खरंच?"

"खरंच. तुझं समजावणं कामी आलं." आणि माझ्याकडं असे बघत राहिले, असे बघत राहिले — जसा काही माझ्याकडून पुढचं काही ऐकायचंय.

"बरं झालं," मी म्हटलं.

"हं," म्हणाले. कप बशीवर जरा आपटूनच ठेवला.

१२ एप्रिल

सामान बांधतेय. सामान असं काय! चार खोकी. भांडी, अंथरुणं, लेकीची जुनी पुस्तकं.

मागं गेले आणि बटाट्याच्या वाफ्याशी उभी राहिले. इथं सगळा दगड नाहीतर चिखल. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी ओढ्याकाठची माती टोपलीनं आणून टाकली होती. पाटीवर पाटी. सासूबाई म्हणायच्या, "पोर वेडी आहे, डोंगराला माती घालतेय." पण पहिले बटाटे निघाले तेव्हा त्यांनीच शेजारपाजाऱ्यांना वाटले. दरवर्षी वाहून जाते थोडी, दरवर्षी मी आणते. हाताला तिचा पोत पाठ आहे.

ती काही खोक्यात बसत नाही.

१३ एप्रिल

लिहून काढते, नाहीतर झोप येणार नाही.

बैठक गिरणीच्या माळ्यावर. सगळे आले होते. सुईण आजी मधोमध. पक्षीवाल्या बाई कोपऱ्यात, त्यांना मत नाही. आजीनं सांगितलं, "करकोच्यांनी घरटं घातलंय. नियमाप्रमाणं राखणीचं घर खाली येईल. एकेक जण सांगा."

हो. हो. हो. गिरणीवाला हो. मेंढ्यांवाली मावशी हो. राखणदार पोरं हो, हो, हो. ह्यांचा हो ऐकूच आला नाही, आजीनं पुन्हा विचारलं तेव्हा खाकरून म्हणाले. मामंजी हो — अगदी स्वच्छ. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काही तर उठायलाच लागले.

"अगं, तू राहिलीस," आजी मला म्हणाली.

देवाशपथ, हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

"नाही."

कोण बोललं? आजूबाजूला बघितलं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"काय म्हणालीस?" आजी.

"नाही," मी म्हटलं. ह्या वेळी माझाच आवाज होता. मोठा होता. इतके दिवस कुजबुजून साठलेला सगळा आवाज.

ह्यांचा चेहरा बघवेना. मागून कुणीतरी म्हणालं, "हिलाच तर नळ हवा होता!" आणि थोडे हसले.

आजी हसली नाही. म्हणाली, "नाही म्हणायला हरकत नाही. पण नाही म्हणणाऱ्यानं दुसरी वाट दाखवायची असते. दाखव."

वाट! माझ्याकडं कुठली वाट? मी उभी राहिले आणि जे येईल ते बोलत गेले. म्हटलं, "घरटं आहे तोवर आम्ही खाली येतो. उद्याच येतो. पण पाहुणी येते तशी जाते पण. थंडीच्या आधी ते उडून जातात. मग पाणथळीत कोण असतं? तेव्हा आमच्या चुलीच्या धुरानं कुणाचं काय बिघडतं? ते आले की आम्ही उतरू. ते गेले की आम्ही चढू. घर दोघांचं."

"म्हणजे थंडीत वर?" गिरणीवाला ओरडला. "सगळं जग थंडीत खाली उतरतं, वहिनी, आणि तुम्ही वर जाणार? बर्फात?"

"जाईन."

"आणि तुझे बटाटे?" आजीनं विचारलं. तिला कसं ठाऊक, देव जाणे. "ते तर उन्हाळ्याचं पीक."

"बटाटे करकोच्यांना."

कुणीतरी पुन्हा हसलं, पण वेगळं. मग मेंढ्यांवाली मावशी उठली. ती हसत नव्हती. "माझी मेंढरं पाणथळीवरून हलवली, तेव्हा कुणी म्हणालं नाही की नियम जरा वाकवू. मी मुकाट्यानं हो म्हटलं. आणि आता मोठ्यांच्या घरासाठी?"

बरोबर होतं तिचं. अगदी बरोबर. मी म्हटलं, "मावशी, मग तुमची मेंढरंही येऊ देत ना. ते गेल्यावर. जो नियम आम्हाला तो तुम्हाला."

आजीनं पक्षीवाल्या बाईंना विचारलं. त्या उठल्या, म्हणाल्या, पक्षी गेल्यावर मेंढरांनी गवत खाल्लं तर बिघडणार नाही, कदाचित बरंच होईल. पण एक वर्ष करून बघा, मग ठरवा.

मावशी खाली बसली आणि म्हणाली, "एक वर्ष."

आणि मग हे बोलले. स्वतःहून. "थंडीतच लाकूडचोर येतात. तेव्हा वर कुणी राहिलं तर राखणीला हवंच आहे." माझ्याकडं न बघता बोलले, पण कानाची पाळी लाल झाली होती. मी ओळखते ती.

पुन्हा फेरी झाली. सगळे हो. माझाही हो! मामंजींची पाळी आली तेव्हा ते इतक्या मोठ्यानं "हो!" म्हणाले की खाली गिरणीतली कबुतरं उडाली.

येताना वाटेत हे म्हणाले, "सांगायचंस तरी आधी."

"मलाच कुठं ठाऊक होतं!"

१५ एप्रिल

उतरलो. चोरपावलांनी, आपल्याच घरातून! हे आणि पोरं खोकी घेऊन पुढं. साहेबाला मी उचलून घेतलं, तोंड धरून; एवढं वजन आहे ह्याचं, आज कळलं. मामंजी शेवटी. कडी घालून वळलो तर नर उभा होता, मान ताठ, आमच्याकडं बघत. मामंजींनी त्याला मान लववली. मग मी पण. कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं!

२९ एप्रिल

इथं सगळं हाताशी. पाणी, दुकान, डॉक्टर. सकाळी बादली घेऊन दारापर्यंत गेले आणि मग आठवलं.

८ मे

पिल्लं बाहेर आली! समोरच्या कड्यावरून दुर्बिणीतून ह्यांनी बघितलं. दोन. तांबूस, "अक्रोडाला पाय फुटल्यासारखी" म्हणतात. हे असलं काही बोलतील असं वाटलं नव्हतं.

३ जून

एकच दिसतंय. दुसऱ्याचं काय झालं कळलं नाही. कोल्हा असेल. साहेब वर असता तर कोल्हा आला नसता का? की साहेबाच्या भुंकण्यानं ती अंडीच टाकून गेली असती? मी पक्षीवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खरंच नाही सांगता येत." दिवसभर कशात जीव लागला नाही.

मामंजी न्हाव्याकडून आले, काही न विचारता शेजारी बसले, लसूण सोलायला घेतला. त्यांना सोलता येत नाही. अर्ध्या पाकळ्या वाया घालवल्या. बाकीच्या मी सोलल्या.

२० जुलै

मामंजी सापडत नाहीत म्हणून घाबरले, तर हे न्हाव्याच्या दुकानात पत्ते खेळत बसलेले! रोज जातात म्हणे. न्हावी, गिरणीवाला आणि हे. लबाडीही करतात, अशी तक्रार आलीय.

१८ ऑगस्ट

पिल्लू उडालं. कड्यावर सगळी पोरं उभी होती, सुईण आजीला पाठुंगळी घेऊन गेले होते. आधी पडलं, मग धावलं, मग पुन्हा पडलं, आणि मग आई-बापांच्या मधोमध, पाय लोंबकळत — वर. हे सांगताना थांबले. घोटभर पाणी प्यायले. पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

७ ऑक्टोबर

गेले. तिघंही. सकाळी गावावरूनच गेले, हाक देत. दुकानं सोडून सगळे रस्त्यावर आले होते. मेंढ्यांवाली मावशी माझ्याशेजारी उभी होती. म्हणाली, "चला. आता आपला नंबर."

९ ऑक्टोबर

सामान बांधून झालं. मामंजींना म्हटलं, चला. ते हातातले पत्ते लावत बसले होते.

"तुम्ही दोघं जा. माझे गुडघे इथंच बरे. न्हाव्याची उधारी पण वसूल करायचीय."

"मामंजी! तुमच्यासाठी तर मी अख्ख्या बैठकीपुढं —"

"माझ्यासाठी?" इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पोरी, मी तर घरटं पाहिलं त्याच दिवशी तयार होतो. तू नव्हतीस. तू कधी बोलतेस म्हणून गप्प बसून राहिलो. नाहीच बोललीस, तेव्हा म्हटलं, आता आपणच हो म्हणून बघावं."